डिकीतली घंटा

तीस वर्षं एसटी चालवली मी. त्या गाडीचं बॉनेटपासून मागच्या शिडीपर्यंत सगळं वाजायचं. मंचरहून डिंभ्याला जाताना तर तिचा आवाज घोडनदीच्या पलीकडं भाकरी थापणाऱ्या बाईलाही ऐकू जायचा. ती तवा उतरवून, पिशवी घेऊन थांब्यावर पोचेपर्यंत गाडी वळणावर दिसायची. डिंभ्याच्या गाडीचा काही नेम नाही असं लोक म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. पण झोपून राहिल्यामुळं गाडी चुकली, असं कुणी माझ्याजवळ कधी बोललेलं आठवत नाही.

रिटायर झालो त्या महिन्यात चाकणला कंपनीत असलेल्या मुलानं इलेक्ट्रिक स्कूटर आणून दारात उभी केली. "पप्पा, धूर नाही, पेट्रोल नाही, आवाज तर अजिबात नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, मग आहे काय त्यात? तो हसला आणि पर्यावरणाबद्दल बरंच काही बोलला. पर्यावरणाबद्दल माझं काही भांडण नाही. आयुष्यभर धूर सोडला, आता म्हातारपणी थोडा कमी सोडावा हे मलाही पटतं. पण निमगाव सावासारख्या गावात बिनआवाजाची गाडी चालवणं काय असतं ते चाकणला बसून कळत नाही.

आमच्याकडं मागून आवाज न करता येणारं जनावर एकच, आणि ते उसात राहतं. त्यामुळं आमची माणसं चालताना कान मागं ठेवून चालतात. पहिल्याच आठवड्यात मी गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका म्हातारीच्या मागं जाऊन पोचलो. तिला चाहूल लागली ती मी हाताच्या अंतरावर आल्यावर. भारा एकीकडं, विळा दुसरीकडं आणि म्हातारी रस्त्यातच बसली. मी उतरून माफी मागितली, पाणी दिलं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "बिबट्यासुदिक गुरगुरतो रं. तू त्येवढंबी करीना व्हय."

हॉर्न आहे की गाडीला. पण शांततेत अचानक मागून हॉर्न वाजला की माणूस दुप्पट दचकतो. बांधाकडं तोंड करून निवांत उभ्या असलेल्या एका पाव्हण्याला मी हॉर्न दिला, तेव्हा त्याचं काय झालं ते इथं सांगण्यासारखं नाही. गावात बोलायला लागले, ड्रायव्हर रिटायर झाला आणि लोकांच्या जिवावर उठला.

यावर तोडगा काढला माझ्या थोरल्या भावानं. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. मी शिकलो आणि एसटीत चिकटलो, दादा चौथीतून शाळा सोडून वडिलांच्या मागं मेंढरांत गेला आणि अजून तिथंच आहे. दिवाळी झाली की तो आणि वहिनी सव्वाशेच्या आसपास मेंढरं घेऊन बाहेर पडतात. वाटेत शेतकऱ्यांच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवतात. म्हणजे जाळीच्या कुंपणात मेंढरं रात्रभर बसतात, लेंड्यांचं खत रानाला मिळतं आणि शेतकरी बदल्यात धान्य देतो. पूर्वी बिऱ्हाड घोड्यावर असायचं, आता पुतण्याच्या पिकअपमध्ये असतं. कोंबड्या पूर्वीही वर बांधलेल्या असायच्या, आताही वरच असतात.

यंदा निघाल्यावर पहिला मुक्काम नेहमीप्रमाणं माझ्या दोन एकरात होता. दादाचं तोंड उतरलेलं होतं. पुढं चालणारा त्याचा म्हातारा बोकड पावसाळ्यात मेला होता. कळप चालतो तो या म्होरक्याच्या गळ्यातल्या घंटेवर. घंटा पुढं वाजली की मेंढरं मान खाली घालून मागं येतात, त्यांना दुसरं काही लागत नाही. दादानं नवीन बोकड घेतला, नव्याला नवी म्हणून बाजारातली घंटा बांधली, पण मेंढरं काही त्याला मानेनात. कोण उसात शिरतंय, कोण कोबीत. दादाचे गुडघे दुखतात, डोळ्यांना नीट दिसत नाही, त्यात चष्म्यावर मेंढरू बसलं. पुतण्याला पिकअप भाजीपाल्याला लावायची होती. "यंदा इकूनच टाकतो," दादा म्हणाला. "लई झालं आता." वहिनी चुलीपाशी बसून ऐकत होती. पण मेंढरं विकल्यावर दादा काय करील, याचा विचार मला करवेना. त्याला दुसरं काही येतच नाही.

जुन्या बोकडाची घंटा त्याच्या पिशवीत होती. पितळेची, एका बाजूला चेपलेली, आवाज जरा बसका. आमच्या वडिलांच्या वेळची. माझ्या गाडीची कीर्ती त्याच्या कानावर आलीच होती. त्यानं ती घंटा लोकरीच्या दोरीनं माझ्या हँडलखाली बांधली आणि म्हणाला, "आता तरी तू आलास त्ये कळंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किटली अडकवून डेअरीला निघालो. खड्ड्याखड्ड्याला घंटा वाजत होती. बरं वाटलं, समोरची माणसं आपणहून बाजूला होत होती. थोड्या वेळानं लक्षात आलं की ती माझ्याकडं बघतच नाहीत, माझ्या मागं बघतायत. मागं वळलो तर जाळी तुडवून अख्खा कळप माझ्या मागं. अगदी ओळीनं, माना खाली, शिस्तीत. मी थांबलो की थांबायचा, निघालो की निघायचा. शेवटी डेअरीत जाऊन पोचलो तोवर गाव गोळा झालेलं.

"काय ड्रायव्हर, आज फुल का गाडी?"

"उभ्यानं किती घेतली राव?"

"हाफ तिकिटं लई दिसत्यात."

दादा मागून लंगडत आला. इतका हसला की त्याला बांधावर बसावं लागलं. "आरं, बोकड मेल्यापास्नं अशी सरळ पयल्यांदा चालली," तो डोळे पुसत म्हणाला. घंटा परत घे म्हटलं, तर मेंढरं विकायचीच आहेत, राहू दे तुझ्याकडंच, म्हणाला. त्याला केवढा आनंद झाला होता. मला मात्र कान लाल झालेले जाणवत होते.

घरी आलो तर आमच्या मंडळी दारातच उभ्या. "आवं, ती घंटा काढा आदी. सून म्हनती, पप्पांचा व्हिडिओ चाकणपातुर गेला." दादाचा कळप गावातून पुढं सरकला त्याच दिवशी मी घंटा काढली, जुन्या बनियनमध्ये गुंडाळली आणि सीटखालच्या डिकीत रेनकोटाच्या खाली ठेवून दिली. दादाला काही बोललो नाही. एसटीचा ड्रायव्हर म्हणून लोक मला ओळखायचे, मेंढरांचा ड्रायव्हर म्हणून ओळख व्हायला नको होती मला. खरं सांगतो, लाज वाटली.

पंधरा-वीस दिवसांनी दादाचा मुक्काम मंचरच्या पुढं पेठ गावाजवळ पडला, हायवेपासून दोन शेतं आत. त्याचा चष्मा नारायणगावात करायला टाकला होता, तो तयार झाला. मी म्हटलं, देऊन येतो. बायको म्हणाली एसटीनं जा. पण मी गाडी पूर्ण चार्ज केली आणि निघालो. मनात हिशेब असा की पेठ आली की एखाद्या झाडाखाली थांबायचं, घंटा काढून हँडलला बांधायची आणि वाजवत वाजवत दादापुढं जायचं. झाडाखाली म्हणतोय खरा, पण रस्ता रुंद झाला तेव्हा वडाची मोठमोठी झाडं गेली. आता सावली पाहिजे असेल तर पुलाखाली उभं राहायचं. रस्त्याच्या मधोमध दुभाजकात हिरवाई म्हणून कण्हेर लावली आहे. फुलं छान येतात. जनावरानं खाल्ली तर मरतं, एवढंच.

मंचरला चहा पीत होतो तेव्हा वहिनीचा फोन आला. तिचा आवाज मी ओळखलाच नाही आधी. "भावजी, कुठं हायसा? मेंढरं हायवेवर गेली."

झालं असं होतं. शेजारच्या कांद्यावर फवारणीला ड्रोन आला होता. आजकाल पाठीवरचा पंप कुणालाच नको असतो. पोरगा बांधावर उभा राहतो, खेळणं हातात धरल्यासारखा, आणि औषध आभाळातून पडतं. चांगली गोष्ट आहे, अंगावर उडत नाही. पण मेंढरांना कुणी सांगितलं नव्हतं. डोक्यावर घरघर आली तशी ती जाळी मोडून उधळली, नवा बोकड सगळ्यांत पुढं.

चहा तिथंच टाकला. मंचर ते पेठ गाडी अशी पळवली की बॅटरीचे आकडे माझ्या देखत गळायला लागले. ही गाडी सावकाश चालवली तर निमगावहून जेमतेम पेठेपर्यंत पुरते असं मुलगा म्हणतो. घाईत चालवली तर काय होतं ते त्यानं सांगितलं नव्हतं. मी आकड्याकडं बघायचं सोडून दिलं. डोळ्यांपुढं नुसता दादा येत होता.

पेठेजवळ ट्रकांची रांग दिसली. मी सर्व्हिस रोडनं पुढं गेलो. अर्धी मेंढरं दुभाजकात कण्हेरीला घासून उभी होती. बाकीची दोन्ही बाजूंच्या गाड्यांच्या मधून सैरावैरा. पुतण्या पिकअप आडवी घालून त्यांना वळवायला बघत होता. पिकअपचं इंजिन गुरगुरलं की मेंढरं आणखी पुढं पळायची. गाड्यांवाले हॉर्नवर हात ठेवून बसलेले. काही जण खाली उतरून मोबाइलवर शूटिंग करत होते, मेंढरांना हाकायला त्यांच्यापैकी एकही पुढं आला नव्हता. वहिनी एक कोकरू पोटाशी धरून रडत होती.

दादा रस्त्याच्या कडेला उभा होता. दोन्ही हात वर करून ट्रकांना थांबा म्हणत होता, जे आधीच थांबले होते. त्याला दिसतच नव्हतं. मी अगदी त्याच्याजवळ जाऊन थांबलो तरी त्यानं मान वळवली नाही. मी खांद्याला हात लावला तेव्हा दचकला. "कोन हाय?"

"मी हाय, दादा."

"आरं बग, किती ऱ्हायली? किती मेली?" त्यानं माझा दंड असा धरला की दुखलं.

एकही मेलं नव्हतं अजून. ते मी सांगितलं. चष्मा खिशात होता, पण त्या वेळी मला तो आठवला नाही. आठवली ती घंटा. दादाकडं पाठ करून मी सीट उघडली, रेनकोट उपसला, बनियन सोडलं. लोकरीची दोरी घरीच राहिली होती. रेनकोटाची नाडी ओढून काढली आणि हँडलला घंटा बांधली. गाडी हलवून बघितली, पण घंटा मलाच ऐकू येईना. एवढ्या इंजिनांत आणि हॉर्नमध्ये ती कुठं ऐकू येणार?

मग मी पहिल्या ट्रकच्या दारावर थाप मारली. ड्रायव्हर उत्तरेकडचा होता. माझं हिंदी स्टँडवरचं आणि टीव्हीवरचं. "इंजिन बंद करो भाई. दो मिनिट. मैं भी ड्रायव्हर हूँ." त्यानं माझ्याकडं बघितलं, स्कूटरकडं बघितलं, घंटेकडं बघितलं. काय वाटलं कुणास ठाऊक, चावी फिरवली. खाली उतरून त्यानंच मागच्याला सांगितलं. मी पलीकडच्या बाजूला पळालो, ओरडून ओरडून घसा बसला. पुतण्यानंही पिकअप बंद केली. एकेक इंजिन बंद पडत गेलं. त्या रस्त्यावर इतकी वर्षं गाडी चालवली, पण तिथं पक्ष्यांचा आवाज ऐकू येतो हे मला त्या दिवशी कळलं.

मी गाडीवर बसलो आणि दुभाजकाच्या कडेनं अगदी माणसाच्या चालीनं निघालो. गाडीचा आवाज काहीच नाही. घंटेचा तेवढा, बसका, आमच्या लहानपणापासूनचा. हँडल जरा जरा हलवत होतो. मागं बघायची हिंमत होत नव्हती. पंचवीस-तीस पावलं गेलो असेन तेव्हा मागून ट्रकवाला म्हणाला, "आ रही है, चाचा. रुकना मत."

मी थांबलो नाही. दुभाजक तुटतो तिथून वळलो, उलट्या बाजूनं आलो, सर्व्हिस रोडला उतरलो. तीस वर्षांत कधी राँग साइडनं गाडी घातली नव्हती, ती त्या दिवशी घातली. बॅटरीवर सहाचा आकडा, मग पाच. मनात म्हटलं, बाई, आता तू बंद पडलीस तर मी तुला ढकलत नेईन, पण नेईन. शेताच्या वाटेला लागल्यावर मागं बघितलं. पुढं एक म्हातारी मेंढी, तिच्या मागं सगळी, आणि सगळ्यांच्या शेवटी तो नवा बोकड, मान खाली घालून. मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. दोन्ही एकदम आलं, ते लपवायला हेल्मेट होतं म्हणून बरं.

रानात पोचल्यावर पुतण्यानं जाळी लावली. मी चष्मा काढून दादाला दिला. त्यानं तो घातला, इकडं तिकडं बघितलं आणि मोजायला लागला. मोजताना त्याचं बोट हलतं, ओठ हलत नाहीत. एकदा मोजून झाली. पुन्हा मोजली. "एक कमी हाय," तो म्हणाला आणि हायवेकडं बघू लागला.

"ह्ये काय माझ्या वट्यात," वहिनी मागून म्हणाली. कोकरू अजून तिच्या पदरातच होतं. तिला ते खाली ठेवायचं भान राहिलं नव्हतं.

दादा तिथंच मातीत बसला. मीही बसलो. कण्हेर कुणी खाल्ली का म्हणून तो दुपारपर्यंत एकेकीचं तोंड हुंगत राहिला, पण सगळी धड होती. शेतकरी भला माणूस. त्यानं घरातून वायर ओढून माझी गाडी चार्जिंगला लावली आणि आम्हाला पिठलं-भाकरी दिली. ड्रोनवाला पोरगाही कानकोंडा होऊन बसला होता, त्यालाही दिली. वहिनी त्याला म्हणाली, "तुजा काय दोष बाबा. खा." जेवताना पुतण्यानं विचारलं, मेंढरं विकायचं काय करायचं. दादा भाकरी मोडत म्हणाला, "ही घंटा वाजंस्तवर तरी न्हाई." बोकडाच्या गळ्यातली नवी घंटा त्यानं जेवण झाल्याबरोबर सोडून टाकली.

मी जुनी घंटा सोडायला गेलो, म्हटलं हिची खरी जागा बोकडाच्या गळ्यात. दादा शेजारी येऊन उभा राहिला. रेनकोटाच्या नाडीची गाठ चष्म्यातून बघितली.

"तू आलास तवा वाजली न्हाई," तो म्हणाला. "मला दिसत नव्हतं, पर ऐकू येतं."

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. दोरी तुटली, वाटेत पडली, काहीही चाललं असतं. पण नाही बोलवलं. "काढून ठेवली होती," मी म्हटलं. "डेअरीत लोक हसले. लाज वाटली, दादा."

तो रागावला नाही. बोकडाच्या गळ्यात घंटा अडकवता अडकवता म्हणाला, "आपल्या शाळेम्होरनं मेंढरं न्यायचो बग मी. तू पयल्या बाकावर खिडकीत बसायचा. घंटा वाजली की पोरं तुला चिडवायची, मेंढक्या आला, मेंढक्या आला. मग शाळा आली की मी बोकडाच्या गळ्यात हात घालून घंटेतला लोळा मुठीत धरायचो. वाजू द्यायचो न्हाई."

मला आठवलं. शाळेजवळ आलं की दादाची मेंढरं हमखास पांगायची. लोकांच्या कांद्यात शिरायची. वडील त्याला तिथंच झोडपायचे आणि म्हणायचे, या पोराला साधी मेंढरं हाकता येत नाहीत. मी खिडकीतून बघायचो. मलाही तसंच वाटायचं, की माझ्या भावाला मेंढरं हाकता येत नाहीत.

दादानं गाठ ओढून बघितली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि पिशवीतून दुसरी एक लहान घंटा काढली, कोकराची असावी. माझ्याजवळ दिली. "ही बांद," तो म्हणाला. "हिच्या मागं कोन येत न्हाई."

गाडी पुरती चार्ज होईपर्यंत तीन वाजले. परत सावकाश आलो. मंचरला सिग्नलशी उभा असताना लोक बघत होते, नारायणगावच्या चौकातही बघत होते. बघू देत म्हटलं. निमगावात शिरलो तेव्हा शाळा सुटली होती आणि पोरं रस्ताभर पसरली होती. घंटा ऐकून ती बाजूला झाली, दोघं-चौघं हसली, एकानं मेंढरासारखा आवाजही काढला. मी गाडी आणखी हळू केली आणि शाळेची भिंत संपेपर्यंत ती वाजू दिली.